घातांक शिकवताना आधी 'बे त्रिक सहा' थांबवा

नाशिकच्या सिडकोत सातवी-आठवीची शिकवणी घेते त्याला बरीच वर्षं झाली. सहामाहीचे तपासलेले पेपर मुलं घेऊन आली की मी आधी घातांकाचा प्रश्न उघडते. 5³ = 15. 2⁴ = 8. 10² = 20. शाळा वेगळ्या, माध्यम वेगळं, चुका मात्र त्याच. आणि गंमत म्हणजे ही मुलं कच्ची नसतात. त्यांचे पाढे चोख असतात, म्हणूनच हे होतं. 5 आणि 3 शेजारी दिसले की 'पाच त्रिक पंधरा' तोंडातून आपोआप निघतं. डोकं जागं होईपर्यंत पेन्सिलीने उत्तर लिहून टाकलेलं असतं.

त्यामुळे हा धडा व्याख्येपासून सुरू केला की फसतो. व्याख्या पाठ होते, पाढा जिंकतो. खालचा क्रम मी चुका करत करत बसवला आहे. शाळेतल्या शिक्षकांनी सहा-सात तासिकांत वापरावा, घरी शिकवणाऱ्या आईबाबांनी रोज वीस मिनिटं काढून. पूर्ण क्रमात एकच धागा आहे: वरचा आकडा मोजतो, तो गुणत नाही. 5³ मधला 3 हा गुणाकारात भाग घेत नाही. 5 किती वेळा लिहायचे ते तो फक्त सांगतो. पुढचे सगळे नियम यातूनच निघतात.

## तयारी: फळ्यापाशी जाण्याआधी

लागणारं सामान थोडं आहे: चौकटीची वही, जुनी वर्तमानपत्रं, पोस्टकार्डाएवढे कापलेले पुठ्ठ्याचे तीसेक तुकडे आणि लुडोचे 27 फासे. फासे नसतील तर एकसारखे खोडरबर चालतात. साखरेचे चौकोनी खडे मी एकदा वापरले होते. तासाच्या शेवटी 27 चे 19 राहिले आणि मुंग्या आल्या त्या वेगळ्या.

त्याहून महत्त्वाची तयारी म्हणजे उदाहरणांची निवड. ही तीन पथ्यं आधीच वहीत लिहून ठेवा.

पहिलं उदाहरण 2² नको. दोन दुणे चार आणि दोन अधिक दोन चार, दोन्हीकडून उत्तर बरोबरच येतं. मूल चुकीच्या वाटेने जातंय हे तुम्हाला कळणारच नाही.

पहिल्या तासाला सगळे पाये 2 नकोत. नाहीतर 'घातांक म्हणजे दुप्पट' असा समज पक्का होतो आणि 3⁴ विचारलं की मूल 3, 6, 12, 24 करत सुटतं.

पाया आणि घातांक सारखे असलेलं उदाहरण, म्हणजे 3³, सुरुवातीला नको. कोणता 3 कोणतं काम करतो हे त्यात दिसतच नाही.

मी सुरुवात 5³ आणि 3⁴ ने करते. संख्या आवाक्यातल्या आहेत आणि चूक झाली की लगेच उघडी पडते.

## टप्पा 1: पाच मिनिटांची चाचणी

फळ्यावर 4 + 4 + 4 + 4 + 4 + 4 लिहा आणि विचारा, "हे थोडक्यात कसं लिहाल?" 4 × 6 हे उत्तर बहुतेक सगळे देतात. मग लगेच विचारा, "यातला 6 कुठून आला? वर तर कुठेच 6 नाही." इथे वर्ग थांबतो. कुणीतरी म्हणतं, "मॅडम, मोजले." तेच हवं आहे. 6 हा मोजून आलेला आकडा आहे.

तपासणी: जे मूल 4 × 6 म्हणतं, पण 6 कुठून आला ते सांगू शकत नाही, त्याला पुढे नेऊ नका. त्याच्याकडून 7 + 7 + 7 आणि 9 + 9 + 9 + 9 करून घ्या. घातांकात त्याचा गोंधळ होणार तो इथलाच.

## टप्पा 2: आधी कंटाळा येऊ द्या

आता सगळ्यांना वहीत लिहायला सांगा: 7 चा 7 शी गुणाकार, असे एकूण 15 सात. उत्तर काढायचं नाही, फक्त लिहायचं. सातव्या-आठव्या सातापाशी कुरकुर सुरू होते. दोघंतिघं एक सात जास्त लिहितात, कुणी एक खाऊन टाकतं. शेजाऱ्याची वही तपासायला द्या. "माझे 14 च झालेत" असं कुणी म्हणालं की तास जमला.

मग म्हणा, "याची एखादी खूण तुम्हीच शोधा. पाहणाऱ्याला दोन गोष्टी कळल्या पाहिजेत: कोणती संख्या आणि किती वेळा." तीन मिनिटं द्या आणि मध्ये बोलू नका. मला आजवर मिळालेल्या खुणा: '7 पंधरादा', 7 भोवती गोल करून त्यात 15, '7-15', आणि एका मुलाने 7 च्या खाली पंधरा टिंबं दिली. प्रत्येक खूण फळ्यावर घ्या आणि वर्गालाच दोष काढू द्या. '7-15' ही वजाबाकी वाटते हे मुलंच सांगतात. टिंबं मोजत बसावी लागतात, हेही. मग सांगा की जगभर यासाठी एक खूण ठरली आहे: मोजलेला आकडा छोटा करून उजव्या खांद्यावर बसवायचा. 7¹⁵.

घाईत हा टप्पा गाळला जातो. पहिली काही वर्षं मीही गाळला. पण स्वतः खूण शोधलेलं मूल 7¹⁵ मधल्या 15 ला गुणाकारात घेत नाही, कारण तो मोजून आला हे त्याने स्वतः पाहिलेलं असतं.

## टप्पा 3: नावं, वाचन आणि लिहिण्याची शिस्त

7 हा पाया, 15 हा घातांक. वाचायचं 'सातचा पंधरावा घात'. सेमी-इंग्रजीच्या मुलांना बेस, इंडेक्स, पॉवर हे शब्द त्याच तासाला द्या. नाहीतर शाळेत 'सेव्हन रेज्ड टू फिफ्टीन' ऐकून त्यांना तो वेगळाच धडा वाटतो. 'घात' म्हटलं की मागच्या बाकावरून 'विश्वासघात' येतोच. येऊ द्या, हसून झालं की शब्द लक्षात राहतो.

एक वाक्य मात्र जिभेवरून पुसून टाका: "5³ म्हणजे 5 ला स्वतःशीच 3 वेळा गुणा." मी हे वर्षानुवर्षं म्हणत आले. मग एका मुलीने वहीत 5³ = 625 लिहिलं. मी फुली मारली. तिने शांतपणे बोट ठेवून दाखवलं: 5 आहे, त्याला 5 ने गुणलं, हे एकदा, 25. पुन्हा गुणलं, दोनदा, 125. पुन्हा, तीनदा, 625. तिने माझं वाक्य अक्षरशः पाळलं होतं. 5 × 5 × 5 मध्ये पाच तीन आहेत, पण गुणाकाराची चिन्हं दोनच आहेत. चूक माझी होती.

त्या दिवसापासून वाक्य बदललं: "5 तीन वेळा लिहा, मधे गुणाकाराची चिन्हं द्या." गुणणं नंतर, लिहिणं आधी.

आता हस्ताक्षर. घातांक पायाच्या अर्ध्या उंचीचा हवा आणि चौकटीच्या वरच्या अर्ध्यात बसला पाहिजे. 5² चं 52 होणं ही आळशी अक्षराची चूक वाटते, पण पुढच्या ओळीत मूल स्वतःचंच लिहिलेलं 52 वाचतं आणि बावन्न धरून गणित करतं. चौकटीची वही त्यासाठीच.

सावध: व्हॉट्सअ‍ॅपवर गृहपाठ टाइप करून पाठवू नका. मी एकदा घाईत '2³ ची किंमत काढा' असं कुठून तरी कॉपी करून पाठवलं, आणि मुलांपर्यंत ते '23 ची किंमत काढा' असं पोचलं. एकाचं उत्तर आलं, "मॅडम, 23 च आहे." फळ्याचा फोटो पाठवा.

तपासणी: 6⁴ दाखवा आणि फक्त विचारा, "किती सहा लिहाल? मधे किती चिन्हं येतील?" चार आणि तीन. किंमत विचारू नका.

## टप्पा 4: पाढ्याची सवय मोडा

हा टप्पा सगळ्यात जास्त वेळ खातो. खाऊ द्या.

पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर एकेक गोष्ट लिहा: 4 × 3, 4 + 4 + 4, 12, 4³, 4 × 4 × 4, 64. असेच संच 5 आणि 2 चा, 3 आणि 4 चा, 10 आणि 3 चा करा. सगळे तुकडे मिसळा. चार-चार मुलांच्या गटाने त्यांची दोन घराण्यांत विभागणी करायची: एक अधिकचं घराणं, एक गुणिलेचं. 12 आणि 64 एका टेबलावर शेजारी दिसले की फरक डोळ्यात भरतो. दहाचा संच मुद्दाम ठेवा. 10 × 3 = 30 आणि 10³ = 1000 ही जोडी मुलांना सगळ्यात जास्त पटते.

त्यानंतर आठवडाभर तीन ओळींचा नियम. घातांकाचं कोणतंही गणित आलं की आधी पसरून लिहायचं, मग पायरीपायरीने गुणायचं, मग उत्तर. म्हणजे:

3⁴
= 3 × 3 × 3 × 3
= 9 × 3 × 3 = 27 × 3 = 81

हुशार मुलं वैतागतात. "मॅडम, मला तोंडी येतं." येत असेलही. तरी लिहायला लावा. मधली ओळ गाळली की पाढा परत आत शिरतो. मधल्या ओळीला मी अर्धा गुण देते आणि तो गेला की सगळ्यांत जास्त भांडतात ती हीच हुशार मुलं.

मग 'कोण मोठं?' हा खेळ. आधी अंदाज, मग हिशोब. 2⁵ की 5²? (32 आणि 25.) 2³ की 3²? (8 आणि 9.) 2¹⁰ की 10²? (1024 आणि 100.) 2⁴ की 4²? शेवटच्याला दोन्हीकडे 16 येतात आणि कुणीतरी लगेच जाहीर करतं की आकडे उलटे केले तरी चालतं. त्याला 2³ आणि 3² परत दाखवा. उलटे करून सारखं उत्तर येणारी वेगवेगळ्या नैसर्गिक संख्यांची ही एकच जोडी आहे. मुलांना दुसरी शोधायला लावा, रविवार छान जातो.

तपासणी: तोंडी, पटापट: 2³? 5²? 4³? 'सहा', 'दहा', 'बारा' यातलं एक जरी आलं तरी पुढे जाऊ नका.

## टप्पा 5: वर्ग आणि घन हातात द्या

5² ला 'पाचचा वर्ग' आणि 5³ ला 'पाचचा घन' का म्हणतात, हे न सांगता दाखवा. वहीत पाच चौकटी आडव्या, पाच उभ्या, आत रंग भरा, मोजा. मग फासे: तळाशी 3 × 3, त्यावर आणखी दोन थर. 27. बाजूने पाहिलं, वरून पाहिलं, प्रत्येक बाजूला 9 दिसतात, हे मुलं स्वतः फिरवून बघतात.

लगेच एक फसवा प्रश्न. पिंपळगाव किंवा दिंडोरीकडच्या द्राक्षाच्या पॅकहाऊसमध्ये पेट्यांची थप्पी लागली आहे: एका ओळीत 6, अशा 6 ओळी, असे 6 थर. किती पेट्या? 6³ = 216. आता विचारा, "थर पाचच असतील तर?" अर्धा वर्ग 6⁵ म्हणतो, काही जण 5³ म्हणतात. उत्तर 6² × 5 = 180. तिन्ही बाजू सारख्या असल्या तरच घन, हे या एका प्रश्नातून कळतं.

एकक बदलताना मोठी माणसंही चुकतात. 1 मीटर म्हणजे 100 सेंमी, म्हणून 1 चौरस मीटर म्हणजे 100 चौरस सेंमी? नाही, 100² म्हणजे 10,000. एक फूट 12 इंच, पण एक घनफूट 12³ म्हणजे 1,728 घन इंच. घराला फरशी घालून झालेली असेल तर बाबांना हे आवडीने विचारा.

सरावासाठी रटाळ वर्ग काढायला देण्यापेक्षा देवळालीला गणित शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांच्या संख्या द्या. 45² काढा: 2025. मधोमध तोडा: 20 आणि 25. बेरीज 45. परत तिथेच. 55² = 3025, 30 + 25 = 55. 99² = 9801, 98 + 01 = 99. 297² = 88209, 88 + 209 = 297. मुलांना म्हणा, 40 ते 60 मध्ये अशी आणखी एखादी संख्या आहे का ते शोधा. (45 आणि 55 सोडून नाही.) उत्तर 'नाही' येतं म्हणून ते सगळे वर्ग काढतात. वीस-एकवीस गुणाकार, कुरकुर न करता.

## टप्पा 6: वाढ आणि शून्य घात

वर्तमानपत्राची घडी घाला: एकदा घातली तर 2 थर, मग 4, 8, 16. सहाव्या-सातव्या घडीला कागद हट्टाला पेटतो. पण इथे थांबू नका. दुसरा कागद घ्या आणि पत्राची घालतात तशी तिहेरी घडी घाला: 3, 9, 27. चौथी तिहेरी घडी, 81 थरांची, जवळजवळ कुणालाच जमत नाही. पाया बदलला की वाढ किती वेगाने बदलते ते बोटांना कळतं.

सावध: थर मोजायचे, घड्यांच्या रेषा नाहीत. कागद उलगडून रेषा मोजणारी मुलं प्रत्येक वर्गात असतात.

आता सगळ्यात अडणारी गोष्ट, शून्य घात. '2⁰ = 1, हा नियम आहे' असं सांगून मोकळं होऊ नका. मुलांच्या डोक्यात 'शून्य वेळा लिहिलं म्हणजे काहीच नाही, म्हणजे 0' हे पक्कं असतं, आणि त्यांच्या जागी ते तर्कशुद्धही आहे.

मी घराण्याचा तक्ता काढते. एक पिढी मागे: आई, बाबा. 2. दोन पिढ्या मागे: आजी-आजोबा दोन्हीकडचे, 4. तीन पिढ्या मागे: पणजी-पणजोबा, 8. चार पिढ्या मागे: खापरपणजी-खापरपणजोबा, 16. म्हणजे 2¹, 2², 2³, 2⁴. मग विचारते, "शून्य पिढ्या मागे कोण?" दोन सेकंद शांतता. मग कुणीतरी म्हणतं, "मीच की!" किती? एक. 2⁰ = 1.

एकदा एका मुलाने अडवलं: "मॅडम, आमच्याकडे 16 नाही होणार. बाबांनी मामाच्या मुलीशी लग्न केलंय." बरोबर आहे त्याचं. तक्त्यात जागा 16 च राहतात, माणसं कमी भरतात, कारण एकाच माणसाचं नाव दोन जागी येतं. आणि म्हणूनच मुलांना नावं लिहायला सांगू नका. चौकटीच मोजा. कुणाच्या घरी काय आहे ते गणिताच्या तासाला उघड व्हायला नको.

हे दोनच्या पायाचं झालं. इतर पायांसाठी उलटी वाट दाखवा: 3⁴ = 81, 3³ = 27, 3² = 9, 3¹ = 3. प्रत्येक पायरीला 3 ने भागलं. पुढची पायरी? 3 भागिले 3, म्हणजे 1. तीच 3⁰. आणखी एक पायरी उतरलं की 1/3 येतो, तो ऋण घातांक. तो पुस्तकात येईल तेव्हा ही शिडी परत काढा.

## टप्पा 7: नियम मुलांकडूनच काढून घ्या

शाळेत शिकवत होते तेव्हा एका वर्षी मी नियमांचा तक्ता आधी लावला, रंगीत, पाठ्यपुस्तकातल्या क्रमाने. मुलांनी तो सुंदर पाठ केला आणि पेपरात 2³ × 2⁴ = 4⁷ लिहिलं. नियम आठवत होता, तो कशाबद्दल आहे हे आठवत नव्हतं.

आता मी फक्त गणितं देते. 2³ × 2⁴ पसरून लिहा: (2 × 2 × 2) × (2 × 2 × 2 × 2). एकूण किती दोन? सात. म्हणजे 2⁷. मोजलेल्या गोष्टी एकत्र आल्या की मोजणीची बेरीज होते, एवढंच. पाया तोच राहिला, कारण आपण अजूनही दोनच लिहितोय. अशी पाच गणितं झाली की कुणीतरी ओरडतं, "वरचे आकडे मिळवायचे!" नियम त्याच्या नावाने फळ्यावर लिहा.

क्रम असा ठेवा: आधी सारख्या पायांचा गुणाकार, मग भागाकार (पसरून लिहिल्यावर काटाकाटी होते, घातांकांची वजाबाकी दिसते), आणि शेवटी घाताचा घात. (2³)⁴ म्हणजे तीन-तीन दोनांचे चार गट, एकूण 12 दोन. इथे घातांकांचा गुणाकार होतो, कारण गट आहेत. पहिला आणि शेवटचा नियम एकाच तासाला कधीच नको. दोन्ही मिसळतात आणि मिसळलेले सुटे करायला महिना जातो.

नेहमी येणाऱ्या चुका, आणि त्यांच्यावर एकच औषध: किंमत काढून पाहणं.

2³ + 2⁴ = 2⁷? डावीकडे 8 + 16 = 24, उजवीकडे 128. बेरजेला हा नियम लागू नाही.
2³ × 3² = 6⁵? डावीकडे 72, उजवीकडे 7,776. पाये वेगळे, नियम नाही.
(3 + 4)² = 3² + 4²? 49 आणि 25. चौकटीच्या वहीत 7 बाय 7 चा चौरस काढून त्यात 3 चा आणि 4 चा चौरस रंगवायला सांगा. उरलेल्या 24 चौकटी कोपऱ्यात बसून हसत असतात.

## टप्पा 8: खांदा कुणाचा?

2 × 3² मध्ये मुलं आधी 2 × 3 करतात आणि 36 लिहितात. घातांक ज्याच्या खांद्यावर आहे त्याचाच असतो. इथे तो 3 च्या खांद्यावर आहे, म्हणून 2 × 9 = 18. (2 × 3)² असतं तर कंसाच्या खांद्यावर, म्हणून 36.

ऋण चिन्हालाही हेच. (−3)² = 9, पण −3² = −9, कारण दुसऱ्यात घातांक फक्त 3 चा आहे, चिन्हाचा नाही. (−2)³ = −8 आणि (−2)⁴ = 16 ही जोडीही करून घ्या: ऋण पाया, विषम घातांक असेल तर उत्तर ऋण, सम असेल तर धन. एक सूचना: एक्सेलमध्ये =-3^2 टाकलं तर 9 येतं. तो त्या सॉफ्टवेअरचा संकेत आहे, मुलाने दाखवलं तर गडबडून जाऊ नका.

## टप्पा 9: दहाचे घात आणि गंगापूर धरण

हजार 10³, लाख 10⁵, कोटी 10⁷, अब्ज 10⁹. हजारानंतर आपण दोन-दोन शून्यांनी उड्या मारतो, हे मुलांच्या लक्षात आणून द्या. नाहीतर 'हजार, लाख, कोटी' ऐकून काही जण लाखाला 10⁴ लिहितात.

पावसाळ्यात नाशिकच्या पेपरात रोज धरणसाठ्याची चौकट येते. ती कापून आणायला सांगा. गंगापूर धरणाची क्षमता 5,630 दलघफू. मुलांना हा शब्द मंत्रासारखा वाटतो. फोडा: दशलक्ष घनफूट. दशलक्ष म्हणजे 10⁶, आणि 'घन' तर टप्पा 5 मध्ये हाताळून झालाय. म्हणजे 5,630 × 10⁶ घनफूट.

दुसरीकडे बातमीत टीएमसी येतं, हजार दशलक्ष घनफूट. 10³ × 10⁶ = 10⁹. आपण त्याला अब्ज म्हणतो. 5,630 दलघफू म्हणजे 5.63 टीएमसी, हे रूपांतर मुलांनी स्वतः करावं. तयार मुलांना पुढचा प्रश्न: गोदावरीवरच खाली जायकवाडी आहे, एकूण साठा सुमारे 102 टीएमसी. गंगापूर 5.63 × 10⁹, जायकवाडी 1.02 × 10¹¹. घातांक 2 ने जास्त, म्हणजे 100 पट मोठं? भागून बघा, साधारण 18 पट येतं. दहाच्या घाताआधीचा आकडाही बघावा लागतो.

## टप्पा 10: चिठ्ठी

शेवटच्या तासाला अर्धं पान द्या, दहा मिनिटं, सहा प्रश्न:

1. 5³ पसरून लिहा आणि किंमत काढा.
2. 6⁴ मध्ये गुणाकाराची किती चिन्हं येतील?
3. 7⁰ किती? का?
4. 3² × 3⁵ एका घातात लिहा.
5. 2² + 2³ ची किंमत काढा.
6. 4 × 5² ची किंमत काढा.

गुण देऊ नका, कोण कुठे अडलंय ते बघा. पहिल्याला 15 आलं तर टप्पा 4. दुसऱ्याला 4 आलं तर टप्पा 3 मधलं तुमचं वाक्य तपासा, मुलाचं नाही. तिसऱ्यात '1, कारण नियम आहे' लिहिलं असेल तर टप्पा 6 मधला घराण्याचा तक्ता आणि भागाकाराची शिडी परत. चौथ्याला 9⁷ किंवा पाचव्याला 32 आलं तर टप्पा 7 मध्ये घाई झाली. सहाव्याला 400 आलं तर टप्पा 8.

आठ दिवसांनी हीच चिठ्ठी आकडे बदलून पुन्हा द्या. 5³ च्या जागी 4³ ठेवा. त्या दिवशी 12 लिहिणारी मुलं वेगळी बसवा आणि पुठ्ठ्याचे तुकडे परत बाहेर काढा.